खिडकी स्वहस्ते कशी करावी

घराच्या मागच्या खोलीत रंधा, करवत आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेल्या फळकुटांचा ढीग मांडून ज्यांनी त्या खोलीला ‘वर्कशॉप’ म्हणायला सुरुवात केली आहे, अशा सद्गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. इतरांनी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगवाल्याला फोन करावा. तो सकाळी येतो, संध्याकाळी जातो आणि खिडकी बंद होते. या तिन्ही गोष्टींची आपल्याकडून अपेक्षा ठेवू नये.

कामाला वैशाख उत्तम, कारण लाकूड कोरडं असतं. म्हणून बहुतेक जण मृग लागल्यावर सुरुवात करतात. वाळवीनं खाल्लेली जुनी चौकट सर्वात आधी उचकटून काढावी. भिंतीला भगदाड पडलं की घरातला विरोध आपोआप मावळतो. नवी खिडकी तयार होईपर्यंत जुनीला हात न लावणारे दूरदर्शी लोक खिडक्या करत नाहीत, एफडी करतात.

लाकडासाठी पुणेकरांना भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच. पण खरा दर्दी पाडलेल्या वाड्याचं सागवान हुडकतो. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड वाकण्या-पिळण्याच्या सगळ्या उचापती करून शांत झालेलं असतं. पोटात मोडके खिळे मात्र असतात. ते लोहचुंबकानं शोधावेत. नाहीतर रंध्याचं पातं शोधतंच. घरी हिशेब देताना घनफुटाचा दर सांगावा, घनफूट किती हे सांगू नये.

आता चौकट. उभ्या-आडव्या पट्ट्यांचा जोड कुशीचा करावा, खिळ्याचा नव्हे. रेघ पेन्सिलीनं न मारता सुरीच्या टोकानं ओढावी, म्हणजे पटाशीला टेकायला कड मिळते. भोक एका बाजूनं निम्मं कोरावं, लाकूड उलटावं आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं कोरावं. एकाच बाजूनं आरपार गेलात तर खालचा ढलपा निघतो. दोन्ही भोकं मध्यावर भेटली तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवावं. कूस हातानं दाबून आत जायला हवी. हातोडीचे दणके द्यावे लागले तर ती जाड आहे; आपसूक खाली पडली तर त्याबद्दल घरी बोलू नये.

काटकोन गुण्यानं पाहावा, पण विश्वास कर्णावर ठेवावा. तीन बाय चारच्या चौकटीचे दोन्ही कर्ण बरोबर पाच फूट यायला हवेत. ते आले, की चौकट भिंतीत बसत नाही, कारण गवंड्यानं कर्ण मोजलेला नसतो. अशा वेळी भिंत फोडावी, चौकट तासू नये. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

झडपेला भोवती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोकळीक ठेवावी. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मोकळीक न ठेवलेली झडप आषाढात बंद होते ती दिवाळीलाच उघडते. खालच्या पट्टीला बाहेर उतार द्यावा आणि तिच्या बाहेर आलेल्या भागाला तळाशी, कडेजवळ, एक बारीक चर मारावी. ओघळत आलेलं पाणी तिथंच थबकून खाली टपकतं, भिंतीपर्यंत येत नाही. कुणाला दिसत नाही असं हे एकच काम, आणि सगळ्या खिडकीत तेच सर्वात महत्त्वाचं.

बिजागरीला पितळी स्क्रू लावायचे असतील तर आधी भोक पाडून त्यात तेवढाच लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग पितळी स्क्रूला साबण चोळून तो बसवावा. घाई केल्यास डोकं पिळवटून हातात येतं आणि दांडा सागवानात कायमचा वस्तीला राहतो.

काच खाचेपेक्षा किंचित लहान कापून घ्यावी आणि जवसाचं तेल व खडूची पूड मळून केलेली लांबी भरावी. घरातून “अहो, झाली का खिडकी?” अशी विचारणा झाल्यास “लांबी वाळतेय” असं सांगावं. तेलाची लांबी खरोखरच फार सावकाश वाळते. या उत्तराला शास्त्राधार आहे.

दुसऱ्या खिडकीचं माप पहिलीवरून घेऊ नये. भिंत तीच, गवंडी तोच. पण मध्ये जेवणाची सुट्टी झालेली असते.