गुणानुक्रमाचे शास्त्र

छत्रपती संभाजीनगरात घडलेले नाट्यदिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांचे ‘बिनधास्त’ (१९९९), ‘कायद्याचं बोला’ (२००५) व ‘तुकाराम’ (२०१२) हे चित्रपट गुणानुक्रमे लावणाऱ्या, म्हणजे उलटतपासणी आणि अभंग एकाच तराजूत तोलणाऱ्या, रसिकांच्या शास्त्रशुद्धतेला तोड नाही. महेश एलकुंचवारांची वाडा नाट्यत्रयी, म्हणजे एका देशपांडे घराण्याच्या पडझडीची सलग तीन नाटके, कुलकर्णींनी १९९४ मध्ये रंगमंचावर उभी केली खरी. परंतु ती पडद्यावर नसल्याने यादीस अपात्र ठरते, हेही रास्तच. हीच पद्धत संभाजीनगराजवळच्या वेरूळला लावल्यास, तेथील ३४ लेण्यांना क्रमांक आधीच दिलेले असल्याने, परीक्षकांच्या चहापाण्याचा खर्च वाचेल; मात्र अखंड खडकातून कळसापासून पायाकडे कोरलेले कैलास लेणे सोळावे आल्यामुळे त्यास उत्तेजनार्थ बक्षीसही देता येणार नाही.