खांबाचा खड्डा शोधावा कसा? (नवशिक्या उत्खनकांसाठी)

उत्खननाला निघालात? अभिनंदन. घरच्यांना मोहरांचं आश्वासन दिलं असेल, तर मागे घ्या. तुम्हाला सापडणार आहे खड्डा, तोही बुजलेला.

१. हत्यारं : कुदळ, फावडं आणि घमेलं कामगारांना तुमच्याहून जास्त कळतं. तुम्ही करणी, ब्रश आणि टेप घ्या. पहारीला हात लावू नका. तिने पाडलेलं भोक ताम्रपाषाणयुगात जमा होत नाही.

२. पाहणं : जमीन करणीने हलकेच तासा. खांबाचं लाकूड कधीच कुजलं. त्याच्या जागी भरलेली माती भोवतालच्या मातीपेक्षा मऊ आणि बहुधा गडद असते. ती गोल डागासारखी दिसते. दिसत नसेल तर पाणी शिंपडा. तरीही दिसेना, तर जुन्या कामगाराला विचारा. त्याला कालच दिसला होता. तुम्ही विचारलं नव्हतं.

३. घूस ओळखणं : प्रत्येक गोल डाग खांबाचा नसतो. अर्धाच भाग उकरा आणि उभा छेद पाहा. खांबाचा खड्डा बहुधा सरळ उतरून थांबतो. कडेला पाचर म्हणून ठोकलेले दगड मिळाले तर उत्तमच. वळणं घेत शेजारच्या चरात निघाला, तर ती घूस. शोधनिबंध थांबवा.

४. ठिपके जोडणं : दहा खड्ड्यांतून हवी ती रांगोळी निघते, म्हणून आवडतं घर आधी ठरवू नका. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे आधीच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं होती, इ.स.पू. १००० नंतर, म्हणजे ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या उत्तर काळात, लहान गोल झोपड्या वाढल्या. तिथले एक उत्खनक म. के. ढवळीकर यांनी या उतरत्या कळेचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. पण एवढं म्हणायला नुसते खड्डे पुरत नाहीत. सारवलेली जमीन, चूल, धान्य, हाडं, सगळ्यांची साक्ष घ्यावी लागते. एखादा खड्डा वर्तुळात बसेना, तर वर्तुळ बदला; खड्डा सरकवू नका.

५. नोंद : व्यास, खोली, थर आणि क्रमांक लिहा. कालच्या तंबूच्या खुंटीला क्रमांक देऊ नका.

आणि घाई आवरा. खड्डा एकदा उकरला की संपला. तो पुन्हा उकरता येत नाही. म्हणून आधी फोटो, मग आराखडा, आणि मगच करणी.