अकरा महिन्यांचे काका

तुकूम, वडगाव, नगीनाबाग, बाबूपेठ. चंद्रपूरच्या कुठल्याही वस्तीत नळ यायच्या वेळेला चक्कर मारा, काका भेटतातच. वेकोलितून निवृत्त. फंड आणि ग्रॅच्युइटी सिमेंटात घालून वरचा मजला चढवलेला. खाली स्वतः, वर भाडेकरू आणि मधल्या जिन्यात काकांचे कान. वर पाहुणे किती आले, कूलर किती चालू आहेत, मिक्सर किती वाजता फिरला, सगळी नोंद काकांकडे असते. करारनामा तेवढा नोंदवलेला नसतो.

काकांची देवावर श्रद्धा आहे, पण त्याहून जास्त अकरा या आकड्यावर. ‘अकरा महिन्यांच्या वर करार केला की घर गेलं समजा’ हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. पानठेल्यावर ऐकले आहे, म्हणून ते पक्के. त्याच ठेल्यावरचे दुसरे ज्ञान असे की भाडेकरू बारा वर्षे राहिला की मालक होतो. भाडे भरणारा माणूस मालकाच्या परवानगीनेच राहत असतो, त्यामुळे नुसते राहून त्याचा ताबा बारा वर्षांनी काय, बावन्न वर्षांनीही मालकीत बदलत नाही. हे काकांना सांगून पाहा. ‘तुम्हाले काय माहीत जी’ म्हणून ते विषय संपवतात.

या भीतीला खानदानी आधार आहे. वडिलांचे घर जटपुरा गेटच्या आत होते आणि त्यात जुना भाडेकरू होता. तेव्हा विदर्भात सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश चाले. भाडेकरूला काढायचे तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, मग नोटीस, मग दिवाणी दावा. वडिलांनी परवानगी मिळवली आणि दावा वारसाहक्काने काकांकडे आला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला, जुना आदेश गेला. काका मात्र अजून सी. पी. अँड बेरारातच राहतात.

त्यांचा करारनामा एकदा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. शंभराचा स्टॅम्प, कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टने बडवलेला, खाली नोटरीचा गोल शिक्का. मसुदा कधीकाळी मुंबईहून आलेला. त्यात एक अट आहे: ‘लिफ्टचा वापर सोसायटीच्या नियमांस अधीन राहून करावा.’ काकांच्या घराला लिफ्ट नाही. जिन्याला कठडासुद्धा अजून एकाच बाजूने आहे.

‘नोंदणी काऊन नाही केली?’

‘काऊन करू? अकरा महिन्यांले नोंदणी लागत नाही. सगळा देश असाच करून राहिला.’

देश करतो, खरे आहे. नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, अकराचा आकडा तिथूनच आला. पण महाराष्ट्राच्या कायद्यातले ५५ वे कलम ही पळवाट ठेवत नाही. करार महिन्याचा असो की अकरा महिन्यांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ही जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे सगळे वाचवायचे कशासाठी? शहरात नोंदणी शुल्क हजार रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे आठ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांना दोन-तीनशे रुपये.

तर वर राहायला साहेब आले. नोकरी गडचिरोलीला, मुले चंद्रपूरच्या शाळेत, स्वतः मूल-सावलीवरून वैनगंगा ओलांडत अप-डाऊन. ‘काका, बदली झाली की घर सोडतो.’ बदली झाली, तेव्हा मुलगी दहावीत होती. दहावीच्या पोराला कोण घराबाहेर काढतो? मुलगी दहावी झाली तेव्हा धाकटा नववीत होता. या काळात काकांच्या व्याकरणात प्रगती झाली. सुरुवातीचे ‘आमचे साहेब’ आधी ‘वरचे साहेब’ झाले, मग ‘ते’, आता ‘तो’. ‘तो’ भाडे मात्र एक तारखेला खात्यात टाकतो आणि जिन्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. याचाच काकांना जास्त राग आहे.

मुदत संपली तेव्हा काकांनी प्रथम पाण्याची मोटर बंद केली. महिना मे, पारा ४६ वर, कूलर कोरडे. पाणी-वीज तोडणे हा २९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे काकांना वरून चिठ्ठीने कळवण्यात आले. कलमाचा आकडा लाल शाईत. मोटर सुरू झाली. मग ठाणे. तिथे त्यांना ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगून चहा पाजला. काका म्हणतात, ‘ऊर्जानगरकडे वाघ शिरला तर पिंजरा येते, डॉक्टर येते, बेशुद्धीचं इंजेक्शन येते. मले कोणी एक इंजेक्शन देत नाही.’ वाघाला पकडायलाही वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, तेही कारणे नमूद करून. पण तो लवकर निघतो, हे काकांचे म्हणणे खोडता येत नाही.

शेवटी वकील. त्यांनी शांतपणे समजावले. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असता, तर २४ वे कलम होते. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची, नाहीतर ताब्याचा आदेश. शिवाय जास्तीच्या मुक्कामाचे दुप्पट भाडे. दुप्पट शब्दाला काका खुर्चीत पुढे सरकले. ‘पण तुमचा करार नोंदवलेला नाही,’ वकील म्हणाले. अशा वेळी अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचे म्हणणे आधी धरले जाते, खोटे ठरवायचे काम मालकाचे. आणि भाडेकरूचे म्हणणे असे की मुदत कधी ठरलीच नव्हती.

म्हणून आता नेहमीचा दावा, कलम १६, कारण ‘स्वतःची प्रामाणिक गरज’. त्यात जास्त अडचण कोणाला, हेही कोर्ट पाहते. काकांनी अडचण म्हणून गुडघेदुखी लिहून दिली. उलटतपासणीत एवढेच विचारले गेले: ‘गुडघे दुखतात, तर वरचा मजला कशाला हवा?’

दाव्यात तारखा सुरू आहेत. दरम्यान काकांनी खालची पुढची खोली एका पोराला दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने करारनाम्याचा शंभराचा मुद्रांक पाचशेचा केला, तेव्हा पाचशेचा स्टॅम्प, टायपिंग आणि नोटरी धरून नोंदणीच्या जवळपास खर्च झाला. करार अकरा महिन्यांचा. लिफ्टची अट कायम.

तुमच्या गल्लीत असे काका असतीलच. दोघांचे आधार कार्ड आणि अंगठे असले की नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, एवढे त्यांना सांगा. ते ऐकणार नाहीत, तरी सांगा.