दगडोबा

सोसायटीत त्यांना पाठीमागे ‘दगडोबा’ म्हणतात आणि समोर ‘काका’. काकांना दोन्ही नावं ठाऊक आहेत. पहिलं जास्त आवडतं.

भारताचा नकाशा काकांच्या डोक्यात राज्यांनी नव्हे, खडकांनी रंगलेला आहे. नातेवाइकांचा मानही कोणाच्या पायाखाली काय आहे, त्यावर ठरतो. भंडाऱ्याच्या आत्याबाई तापट आणि चिकट. पण डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण त्यांच्याच जिल्ह्यात, म्हणून दिवाळीचा पहिला फोन त्यांना. कोकणातल्या व्याह्यांनी हापूसची पेटी धाडली, तर काका विचारतात, “रेडीचं लोहखनिज नाही का मिळालं?” पुतण्याची बदली झारखंडात कोडरम्याला झाली तेव्हा घरात सुतकी चेहरे होते, काका पेढे घेऊन पोचले. अभ्रकाच्या पट्ट्यात आपला माणूस!

खरं वैभव मात्र घरच्या दख्खनचं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले, हे पाहुण्याला चहाआधीच ऐकावं लागतं. मग कपाट उघडतं. जळगावचा हिरवट ॲपोफायलाइट, गुलाबीसर स्टिल्बाइट, वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हान्साइट. मुंबईचा ओकेनाइट तर हुबेहूब कापसाचा बोळा. पाहुण्याचं बोट नेमकं तिकडेच जातं आणि काका किंचाळतात. त्याचे तंतू एकदा दबले की दबले!

हे सगळं निघतं खडीच्या खाणीतून. त्यामुळे रस्त्याचं नवं काम निघालं की खूश होणारा गल्लीतला एकमेव करदाता म्हणजे काका. सुरुंग कधी उडणार, हे ते मुकादमाला फोन करून विचारतात. क्रशरच्या आधी पोचायला हवं ना!

संडास धुवायच्या ॲसिडची बाटली काकूंना नेहमी काकांच्या टेबलावर सापडते. थेंब टाकल्यावर कॅल्साइट फसफसतो, क्वार्ट्झ ढिम्म राहतो. काकूंच्या मते काका क्वार्ट्झ आहेत.

यंदा काकूंनी तिरुपतीचा विषय काढला आणि काका चक्क लगेच हो म्हणाले, तिकिटंही स्वतःच काढून आले. परतीचं तिकीट तेवढं कोडूर स्टेशनाहून आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या बॅराइट साठ्यांपैकी एक, मंगमपेट, तिथून जवळ. बॅराइट पाण्याच्या जवळजवळ साडेचारपट जड असतो, म्हणून काकांनी काकूंना आत्ताच बजावलंय, “साड्या दोनच घे.”