श्रीमती थंडी यांना, गणवेशाचे नियम न पाळल्याबद्दल

प्रति,
श्रीमती थंडी,
कायमचा पत्ता: हिमालय
सध्याचा मुक्काम: सदर बाजार, जबलपूर छावणी

विषय: शालेय शिस्त वारंवार मोडल्याबाबत.
संदर्भ: हिवाळी गणवेशाचं परिपत्रक (नातवाच्या डायरीत चिकटवलेलं).

महोदया,

सदरमधल्या समस्त आई-वडील आणि आजी-आजोबांच्या वतीनं हे पत्र जाहीरपणे लिहावं लागतंय, कारण खासगीत सांगून आपण ऐकत नाही. हिवाळी गणवेश कुठल्या तारखेला सुरू होणार नि कुठल्या तारखेला संपणार, हे परिपत्रकात स्वच्छ छापलेलं असतं. खाली सही असते, गोल शिक्का असतो. तरी आपण कधी तारखेच्या आठ दिवस आधी दारात हजर, तर कधी संक्रांत उलटून गेल्यावर पुन्हा डोकावता. ना अर्ज, ना पालकांची चिठ्ठी. भुर्दंड मात्र मुलांना. तारखेआधी स्वेटर घातला तर गणवेशभंग, शेवटच्या तारखेनंतर घातला तरी गणवेशभंग.

आपल्या हजेरीची वेळही संशयास्पद आहे. जानेवारीत जबलपूरचं किमान तापमान सरासरी 9-10 अंशांच्या घरात आणि कमाल 25 च्या आसपास. म्हणजे एका दिवसात दोन ऋतू. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते आणि पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. जानेवारीत इथं सूर्य उगवतो सातच्या आगेमागे, आणि सदरच्या पेंटीनाक्यावर शाळेच्या व्हॅन भोंगे वाजवतात त्याही सातच्या आगेमागे. चोवीस तासांतला सगळ्यात गार तास हुडकून तो आपण मुलांसाठी राखून ठेवता. दुपारी शाळा सुटते तेव्हा आपला पत्ता नसतो. कॉफी हाउसबाहेर माणसं बाह्या दुमडून गप्पा मारत उभी असतात आणि आमचा नातू ब्लेझरमध्ये उकडत घरी येतो.

आपल्याला फूस कोणाची आहे, तेही आम्हाला माहीत आहे. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतात, आभाळ मोकळं होतं आणि उत्तरेचा वारा आपल्याला थेट आमच्या महाकोशलात आणून सोडतो. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडं उत्तरेकडून जातं, त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे आम्ही उष्ण कटिबंधात राहतो. हे पुस्तक शाळेला लागलेलं आहे. आपण ते उघडूनही पाहिलेलं दिसत नाही.

आता आमच्या घरातली कैफियत. मराठी माणसं जबलपूरला भोसल्यांच्या अमलापासून आहेत. पुढे कोणी रेल्वेच्या नोकरीनं आलं, कोणी 1904 सालच्या गन कॅरेज फॅक्टरीसारख्या कारखान्यांमुळे. पिढ्या गेल्या, हिंदी जिभेवर बसली, ऑटोवाल्याच्या ‘गजब ठंड है, बड्डे’ला आम्ही त्याच सुरात मान डोलावतो. थंडीचा हिशेब मात्र घरोघरच्या आज्यांच्या हाती राहिला आणि त्या हिशेबात बेरीज सोडून दुसरी क्रिया नाही. गंजी, त्यावर इनर, त्यावर शर्ट, त्यावर घरी विणलेला स्वेटर, तो दिसू नये म्हणून वर शाळेचा स्वेटर, त्यावर ब्लेझर, शिवाय मफलर. पोरगं होल्डॉलसारखं आवळून निघतं. त्याला बोलता येतं, पण वाकता येत नाही. बुटाची नाडी सुटली तर ती मधल्या सुट्टीपर्यंत सुटलेलीच.

हे झालं वरच्या मजल्याचं. तळमजल्यावर हाफ पँट आणि घोट्यापर्यंतचे मोजे. मुलींना स्कर्ट, आत गरम लेगिंग घातली तर रंग जुळत नाही म्हणून डायरीत शेरा. कमरेच्या वर लेह, कमरेखाली रत्नागिरी. एवढी लोकर पोरावर चढवताना त्याला गुडघे आहेत, हे घरात कोणाच्या ध्यानात येत नाही आणि शाळेत कोणाला चालत नाही.

मग मधली सुट्टी होते. मुलं धावतात, कारण मुलं धावतातच. घाम येतो, इनर ओला होतो, आणि खरी गारठण्याची तयारी तिथं सुरू होते. ऊब राहते ती कपड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. एकावर एक कोंबलेले स्वेटर त्या हवेला जागा ठेवत नाहीत आणि घामानं भिजलेला कपडा तिचा उपयोग संपवतो. दोन-तीन सैल थर, अंगालगतचा कोरडा, वरचा पटकन काढता येणारा, एवढ्यावर जबलपूरचा जानेवारी निभतो. हे आम्ही घरी सांगून पाहिलं. उत्तर मिळालं, ‘तुम्हाला काय कळतंय, तुम्ही दुपारी उन्हात बसता.’

शाळेकडे दाद मागावी तर तिथं टोपीचा प्रश्न येतो. नेव्ही ब्लू कार्डिगन चालतो, माकडटोपी चालत नाही. फाटकाशी काढून दप्तरात टाकावी लागते. महोदया, आपण थंड प्रदेशातल्या, तेव्हा हा इतिहास आपल्याला ठाऊक असेल. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रिमियात बालाक्लाव्हाला लढाई झाली. तिथल्या गाजलेल्या घोडदळाच्या धडकेचं नेतृत्व लॉर्ड कार्डिगनकडे होतं, आणि बटणांचा लोकरी अंगरखा त्यांच्या नावानं चालतो. डोकं, कान, गळा झाकणारी विणलेली टोपी त्याच युद्धातल्या गारठलेल्या ब्रिटिश सैनिकांची, आणि इंग्रजीत ती त्या लढाईच्या गावाच्या नावानं ओळखली जाते. एकाच रणांगणावरून आलेली ही दोन वस्त्रं. साहेबाच्या नावाचं वस्त्र वर्गात बसतं, शिपायाचं कान झाकणारं फाटकाबाहेर राहतं. छावणीतल्या शाळेनं शिपायाशी असं वागावं, हे बरं दिसत नाही. राहिला ब्लेझर. तो केंब्रिजमधल्या होड्या वल्हवणाऱ्या विद्यार्थ्यांचा. आमची मुलं नर्मदेवर ग्वारीघाटला होडीत बसतात ती आजीचा हात घट्ट धरून, आणि वल्हं नावाड्याकडे असतं.

आता सरकारी बाजू. आपण आलात हे मुलाच्या दातांवरून कळतं, पण सरकारदरबारी त्याला किंमत नाही. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली जाऊन नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलं, किंवा थेट 4 अंशांवर आलं, तरच आपण ‘शीतलहर’. ही व्याख्या हवामानाच्या नोंदींसाठी योग्यच आहे. पण पारा नेहमीप्रमाणे 9 वर असला, तर त्या दिवशी आपण अधिकृतरीत्या आलेल्याच नसता आणि कुडकुडणारं पोरगं विनाकारण कुडकुडत असतं. त्यातून ते वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभं असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. 10 अंशांत ताशी 40 किलोमीटरचा वारा तोंडावर आला, तर अंगाला ती हवा 6 अंशांसारखी लागते. स्कूटरचा वेग तेवढाच असतो. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पोराची टोपी नियमाप्रमाणे दप्तरात.

अगदी हाड गोठायला लागलं की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो: शाळा उशिरा भरवा. मध्य प्रदेशात हे जवळजवळ दर हिवाळ्याला होतं. आदेश रात्री व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि त्या दिवशी नवल घडतं. एकाही स्वेटरची भर न घालता शहरातल्या हजारो मुलांची थंडी कमी होते. पुढे चार दिवसांनी पारा दोन अंश चढतो, आदेश मागे घेतला जातो आणि पोरं पुन्हा अंधारात व्हॅनची वाट बघत उभी.

आपल्या बाजूनंही एक गोष्ट मांडायला हवी. सर्दीचा आरोप आपल्यावर सरसकट करता येत नाही. सर्दी होते ती विषाणूंमुळे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ 1946 ते 1990 पर्यंत सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथं माणसांना गारठवून पाहिलं, पण गारठ्यानं सर्दी जडते हे काही सिद्ध झालं नाही. उलट 2005 साली कार्डिफमधल्या संशोधकांनी काही जणांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात ठेवले आणि काहींचे रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दीची तक्रार गार पाण्यातल्यांनी जास्त केली. म्हणजे आजीचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. फक्त तिनं डोक्याइतकं पायांकडेही बघावं.

इथं मात्र उपरोध बाजूला ठेवावा लागतो. जानेवारी 2023 मध्ये राजकोटला आठवीतल्या एका मुलीचा शाळेत मृत्यू झाला. कारण थंडीच होती का, यावर एकमत झालं नाही. पण त्यानंतर गुजरातच्या शिक्षण विभागानं शाळांना बजावलं, की अमुकच प्रकारच्या स्वेटरची सक्ती करू नका. मूल घरून जे गरम कपडे घालून येईल ते घालू द्या. एवढी साधी गोष्ट लिहून द्यायला असा दिवस उजाडावा लागला. आमच्या गावातही 2024 च्या मे महिन्यात जिल्हा प्रशासनानं फी आणि पुस्तकांच्या व्यवहारावरून खासगी शाळांवर कारवाई केली आणि ती देशभर गाजली. पुस्तकं ठरावीक दुकानातून का घ्यायची, हे विचारून झालं असेल तर स्वेटरचंही विचारायला हरकत नाही. बोधचिन्ह विणलेला नेमून दिलेला स्वेटर एका हिवाळ्यात आखूड होतो. तिबेटी विक्रेत्यांच्या स्टॉलवरचा त्याच निळ्या रंगाचा, त्याहून जाड स्वेटर कमी पैशांत मिळतो. त्यात खोट एकच, खिशावर बोधचिन्ह नाही. ज्याच्या घरी दुसरा स्वेटर घेण्याइतके पैसे नाहीत, ते मूल त्या बोधचिन्हासाठी कुडकुडतं.

सबब, महोदया, आपणास विनंती करण्यात येते की आपण सकाळी साडेनऊनंतर यावं, खेळाच्या तासाला थोडं थांबावं, येताना नेव्ही ब्लू रंगात यावं आणि परिपत्रकातल्या शेवटच्या तारखेला चाव्या कार्यालयात जमा कराव्यात.

हे आपण करणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. आपल्याला बदलता येत नसेल तर बदलण्याजोगं जे आहे, त्याकडे बघावं लागेल. डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने घंटा उशिरा वाजू शकते. यात अडचणी आहेत: व्हॅनला दोन फेऱ्या मारायच्या असतात, आई-वडिलांना कामाची पाळी गाठायची असते, काही इमारतींत दुपारी दुसरी शाळा भरते. पण आदेश आला की चार दिवस हे सगळं जुळतंच. मग वेळापत्रक बसवून दोन महिनेही जुळेल. घंटेची वेळ पुढे ढकलून मिळालेली ऊब धुवावी लागत नाही, हरवत नाही, आखूड होत नाही आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या मापाची असते.

कळावे,

आपला,
तिसरीतल्या एका विद्यार्थ्याचा आजोबा
सदर, जबलपूर

प्रत माहितीसाठी आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी:

1) शाळा: टोपी आणि लांब पँट यांना वर्गात प्रवेश देण्याबाबत.
2) जिल्हा प्रशासन: घंटेचा आदेश लाट येण्याची वाट न बघता नोव्हेंबरातच काढण्याबाबत.
3) घरातली आजी: एक स्वेटर वजा आणि एक जोडी लांब मोजे अधिक करण्याबाबत. (ही प्रत देण्याचं धाडस झाल्यास.)
4) नातू: त्यानं हे पत्र वाचायची गरज नाही. उकडलं तर स्वेटर काढावा, गार वाटलं तर घालावा. कोणी विचारलं तर आजोबांनी सांगितलंय म्हणावं.