तेल रशियाचं, कापूस शिंदखेड्याचा

मुत्सद्देगिरी बघायला चीनमध्ये तियानजिनच्या शिखर परिषदेला जायला नको; कापूस वेचणीत खानदेशातल्या शिंदखेड्याला या. आपण रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिका रुसली आणि ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या मालावरचा कर 50 टक्क्यांवर गेला. मग गिरण्यांना दिलासा म्हणून दिल्लीने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं: आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येईपर्यंत. हा मुहूर्त कोणत्या पंचांगातला, कोण जाणे!

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं शाळेत घोकलं होतं. 1861 मध्ये अमेरिका आपसात भांडली, तेव्हा खानदेशी कापसाची चांदी झालीही होती. आता मैत्रीतच एवढा मार, तर वैराचं विचारूच नका.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, तो कागदावर. खेडा खरेदीला आलेला व्यापारी मूठभर कापूस दाबतो, ‘ओल आहे’ म्हणतो. आदल्या वर्षीही हेच म्हणाला होता. या वेळी पुढे जोडलं, ‘आणि वर ट्रम्प आहे.’

काटा लावणारा म्हातारा चक्रावला, ‘भो, मी रशियानं तेल कव्हय लिधं?’