बापाची परवानगी

टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या माणसाला कॅनडा गूजचं फारसं कौतुक उरत नाही. काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, तपकिरी अंग आणि रस्ता आपल्या आजोबांनी बांधल्याचा आविर्भाव. हे कुटुंब ओलांडायला निघालं की चार लेनची वाहतूक गुमान उभी राहते. १९१६ साली ब्रिटनने कॅनडाच्या वतीने अमेरिकेशी करार केला आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना संरक्षण मिळालं. त्या पक्ष्यांपासून माणसांना संरक्षण देणारा करार अजून व्हायचा आहे.

तरी मे महिन्यात तळ्याकाठच्या गवतात हिरवट-पिवळी पिल्लं लुटुलुटु चालू लागली, की हौशी फोटोग्राफरचा धीर सुटतो. माझा तर कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडण्याआधीच.

अंड्यातून निघाल्यावर साधारण दिवसभरात पिल्लं घरटं सोडतात आणि स्वतःच्या चोचीने गवत खुडू लागतात. काऊचिऊचे घास ही भानगडच नाही. त्यामुळे आईबापांना वेळच वेळ असतो आणि तो सगळा ते भांडणासाठी राखून ठेवतात. आपल्याकडे उलटं: मुलगा नोकरीला लागला तरी आई भरवते आणि बाप शेजाऱ्यांशी गोड बोलतो.

जाणकार सांगतात, पिल्लांचा फोटो त्यांच्या नजरेच्या उंचीवरून काढावा. म्हणजे पोटावर पालथं पडणं आलं. आता हे पक्षी दिवसभर गवत खातात आणि खाल्लेलं फार वेळ पोटात ठेवत नाहीत. घरी आल्यावर बायकोने दोन बोटांत शर्ट धरून विचारलं, ‘‘अहो, हा धुवायचा की पुरायचा?’’

माझ्याकडे ४०० मिलिमीटरची लेन्स आहे, पण अंतर ती ठरवत नाही, बाप ठरवतो. आई पिल्लांसोबत चरत असते, बाप चरायचं सोडून पहारा देतो. त्याच्या मानेकडे लक्ष ठेवावं. मान ताठ उभी असेल तर आपली नोंद झाली आहे. डोकं वरखाली होऊ लागलं तर निघायची वेळ झाली. मान जमिनीसरशी लांब होऊन चोच उघडली आणि आतून फुस्स असा आवाज आला, तर वेळ टळून गेली आहे. त्या उघड्या चोचीच्या कडांना बारीक दाते असतात आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना तसेच काटे. ही सोय गवत तोडण्यासाठी आहे. जमिनीवर पालथं पडून समोरून ती पाहताना मात्र गवत आठवत नाही.

अशा वेळी पाठ फिरवू नये, पळू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावं, असा सल्ला आहे. पालथ्या माणसाने ते कसं करावं, हे कोणी सांगत नाही. मी कोपरांवर उलटा सरपटत गेलो. बायकोने बाकावरून मोबाइलवर त्याचा फोटो काढला. त्यात बाप फार सुरेख आलाय.

जून-जुलैमध्ये मोठ्यांची उडायची पिसं एकदम गळतात आणि पिल्लांना तोवर आलेली नसतात. काही आठवडे घरात कोणालाच उडता येत नाही. आता हा अंगावर येणार नाही, असा हिशेब करून मी पुन्हा गेलो. तो चालत आला. चांगला वेगात आला.

हिवाळ्यात भावाने जायकवाडीच्या नाथसागरावरून या गूजच्याच जातकुळीतल्या पट्टेरी राजहंसांचे फोटो पाठवले. ‘‘बघ, किती शांत, सोज्वळ पक्षी! शिक जरा,’’ असा वर शेरा. हे पाहुणे हिमालयापलीकडे पिल्लं वाढवतात आणि ती पंखांवर आली की त्यांना घेऊन जायकवाडीला उतरतात. मी त्याला कळवलं, ‘‘मुलं मार्गाला लागल्यावर कोणीही सोज्वळ दिसतं. पिल्लं लहान असताना लडाखला जाऊन ये आणि पालथा पड.’’